श्वास थांबविणारी औषधे आणि अप्रमाद

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानाचे निमंत्रण देण्यासाठी आपले एक ज्येष्ठ विश्वस्त माझ्या घरी आले होते. निमंत्रणाबरोबर त्यांनी एक प्रश्नही आणला होता. "ताई, सुवर्णमहोत्सवी निधीतून एखाद्या धर्मादाय रुग्णालयाला व्हेंटिलेटर द्यावा असा बहुतेकांचा विचार आहे. तुम्ही भूलतज्ज्ञ आहात. तुमचे मत काय?" मी म्हटले, "काका, हो किंवा नाही असे एका शब्दात सांगता येणार नाही. व्याख्यानाचा विषयच तो करू." मधुमेह, हृदयविकार यांसारखे ओळखीचे विषय सोडून आज मी स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांविषयी बोलणार आहे, त्याचे कारण हे. व्हेंटिलेटर आणि ही औषधे यांची सोबत फार जुनी आहे; एकाविषयी निर्णय घ्यायचा तर दुसऱ्याची ओळख असलीच पाहिजे.

आरंभीच एक गैरसमज दूर करते. कंबर धरली किंवा मान आखडली म्हणजे औषधाच्या दुकानातून जी 'मसल रिलॅक्संट' गोळी आणली जाते, ती ही नव्हे. ती गोळी मेंदू व मज्जारज्जूच्या पातळीवर काम करते आणि स्नायूंचा ताण थोडा कमी करते. मी ज्यांविषयी बोलते आहे ती इंजेक्शने आहेत: सक्सिनिलकोलिन, व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम, रोक्युरोनियम. नस जिथे स्नायूला भेटते त्या सूक्ष्म जागी अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे रसायन नसेचा निरोप स्नायूकडे पोहोचवते. ही औषधे त्या निरोपाची वाट अडवतात. शीरेतून दिल्यावर एक ते तीन मिनिटांत हातपाय, मान, जीभ, पापण्या आणि छातीचा पडदा, सारे निश्चल होते. हृदय मात्र चालू राहते, कारण त्याच्या स्नायूचा कारभार निराळा आहे. आणि मेंदूपर्यंत तर ही औषधे पोहोचतच नाहीत.

शेवटचे वाक्य पुन्हा एकदा ध्यानात घ्यावे, कारण आजच्या विषयाचे सारे गांभीर्य त्यात आहे. ही औषधे झोप आणत नाहीत आणि वेदनाही कमी करीत नाहीत.

आपल्या आगमात दहा प्राण सांगितले आहेत हे येथे बसलेल्या पाठशाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. पाच इंद्रियप्राण, मनोबल, वचनबल व कायबल हे तीन बलप्राण, श्वासोच्छ्वास आणि आयु. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना औषधशास्त्राच्या पुस्तकात या औषधांचे प्रकरण वाचले, तेव्हा मला लहानपणी पाठ केलेली ती यादी आठवली, आणि ती आजतागायत मला उपयोगी पडली आहे. स्नायुशिथिलक औषध कायबल काढून घेते, वचनबल काढून घेते, श्वासोच्छ्वास काढून घेते. पाच इंद्रिये आणि मन मात्र जसेच्या तसे ठेवते. त्या माणसाला ऐकू येते, स्पर्श कळतो, वेदना कळतात, भीती वाटते. फक्त तो सांगू शकत नाही. आणि त्याचे आयुष्य पुढची काही मिनिटे सर्वस्वी दुसऱ्याच्या हातात असते.

मग असे औषध द्यायचेच कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर सरळ आहे. पोटाचे स्नायू ताठ असतील तर शल्यविशारदाला आतड्यापर्यंत पोहोचता येत नाही. घशातून श्वासनलिकेत नळी घालायची तर स्वरयंत्र मोकळे व निश्चल हवे. पूर्वी यासाठी ईथर किंवा क्लोरोफॉर्म इतके खोलवर द्यावे लागे की, त्या खोलीचाच रुग्णाला धोका होई. आज भूल देताना झोपेसाठी एक औषध, वेदनेसाठी दुसरे आणि स्नायूंसाठी तिसरे अशी वाटणी असते, आणि प्रत्येकाचे प्रमाण कमी ठेवता येते. वृद्ध आणि दुबळ्या रुग्णांवरील मोठ्या शस्त्रक्रिया या वाटणीमुळे शक्य झाल्या.

या औषधांचा उगम दक्षिण अमेरिकेतील जंगलात आहे. तेथील लोक काही वेलींपासून 'क्युरारे' नावाचे विष काढून बाणांच्या टोकांना लावीत. इंग्रज प्रवासी चार्ल्स वॉटरटन याने ते विष लंडनला नेले. १८१४ साली तेथे एका गाढविणीला ते टोचण्यात आले. दहा मिनिटांत तिचा श्वास थांबला. मग तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने काही तास हवा भरण्यात आली, आणि विषाचा अंमल ओसरताच ती मान वर करून उठली. वॉटरटनने तिचे नाव वुरालिया ठेवले, तिला आपल्या इस्टेटीवर मोकळे सोडले, आणि ती १८३९ पर्यंत जगली. पुढे फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी बेडकांवर प्रयोग करून हे विष नस व स्नायू यांच्यामध्ये काम करते हे दाखवून दिले. आपल्या सभेत हे सांगताना मला संकोच वाटतो. पण हे ज्ञान मुक्या जीवांच्या यातनांतून आले आहे हे झाकून ठेवणे सत्यव्रताला धरून होणार नाही. वुरालिया जगली कारण काही तास कोणीतरी भाता सोडला नाही. आजही या औषधांचे सुरक्षेचे पहिले तत्त्व तेच आहे. पुष्कळजण मला विचारतात की, या औषधांत प्राणिज अंश असतो काय? क्युरारे वेलीपासून मिळे आणि आजची औषधे प्रयोगशाळेत तयार होतात.

२३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. हॅरल्ड ग्रिफिथ व डॉ. इनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत क्युरारेचा वापर केला आणि भूलशास्त्राचे नवे पर्व सुरू झाले. (त्या रुग्णालयाचे नाव होमिओपॅथिक हॉस्पिटल होते, ही गंमत जाता जाता सांगते.) नव्या औषधाचे एवढे कौतुक झाले की, काहींना ते वेदनाही थांबवते असे वाटू लागले. हा वाद मिटविण्यासाठी अमेरिकेतील डॉ. स्कॉट स्मिथ यांनी जे केले ते ऐकण्यासारखे आहे. त्यांनी सहकाऱ्यांकडून स्वतःलाच क्युरारे टोचून घेतले, पूर्ण निश्चल होईपर्यंत. नंतर शुद्धीवर येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण शुद्ध हरपलीच नव्हती. सारे ऐकू आले, सारे जाणवले, वेदनाही जशीच्या तशी होती, असे त्यांनी १९४७ साली प्रसिद्ध केले. दुसऱ्या जीवावर न करता स्वतःवर केलेला हा प्रयोग आपल्या समाजाला विशेष भावावा.

परंतु शास्त्राला कळले म्हणून प्रत्येक शस्त्रक्रियागृहाला कळले असे होत नाही. १९५४ साली बीचर व टॉड या दोघांनी अमेरिकेतील दहा रुग्णालयांतील सुमारे सहा लक्ष भुलींचा हिशेब मांडला. स्नायुशिथिलक न वापरलेल्या भुलींत, भुलेशी संबंधित मृत्यू २,१०० मागे एक. वापरलेल्यांत ३७० मागे एक! औषध विषारी आहे म्हणून असे झाले असा काहींनी अर्थ काढला, आणि मोठा वादंग झाला. आज मागे वळून पाहता औषधापेक्षा त्याभोवतालची व्यवस्था अपुरी होती असे मानले जाते. श्वास पुरेसा दिला जात नव्हता, आणि औषधाचा अंमल पुरता उतरण्यापूर्वीच रुग्णाला त्याच्या नशिबावर सोडले जात होते.

उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला जे स्थान दिले आहे, त्याचा अर्थ मला शस्त्रक्रियागृहात जितका कळला तितका स्वाध्यायात कळला नव्हता, हे मी प्रांजळपणे कबूल करते. या औषधांनी होणारे बहुतेक अनर्थ द्वेषातून होत नाहीत. ते घाईतून, गृहीत धरण्यातून, न विचारण्यातून होतात.

माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी तासगाव तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार तरुण अपेंडिक्स फुटण्याच्या बेतात आल्याने रात्री दाखल झाला. निकोप प्रकृती. दमा, रक्तदाब, अ‍ॅलर्जी, आधीच्या शस्त्रक्रिया, सारे मी विचारले. भूल देताना सक्सिनिलकोलिन दिले. हे औषध मिनिटभरात काम करते आणि पाच-दहा मिनिटांत रक्तातील एका एन्झाइममुळे विरघळून जाते; म्हणूनच तातडीच्या वेळी आम्ही ते वापरतो. शस्त्रक्रिया तासाभरात संपली. तरुण श्वास घेईना. दोन तास झाले, तीन झाले. मी झोपेचे औषध चालू ठेवले, व्हेंटिलेटर चालू ठेवला, आणि बाहेर बसलेल्या त्याच्या भावाला जाऊन पुन्हा एकेक गोष्ट विचारू लागले. तो सहज म्हणाला, "ऑक्टोबर छाटणी झालीय मॅडम, आठ दिवस झाले रोज औषध मारतोय. तोंडाला फडकं बांधायचा कंटाळा त्याला."

सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके नेमके तेच एन्झाइम निकामी करतात. रोज थोडे थोडे अंगात जाणाऱ्या माणसाला विषबाधेची लक्षणे दिसत नाहीत, पण सक्सिनिलकोलिन विरघळविण्याची त्याची क्षमता घटलेली असते. चौथ्या तासाला त्याच्या पापणीने हालचाल केली, पहाटेपर्यंत तो बोलू लागला, आणि चौथ्या दिवशी घरी गेला. मी त्याला विचारायला हवे होते. पाठ्यपुस्तकात ते लिहिलेले होते, पण ते पुस्तक तासगावच्या बागेशी जोडण्याची बुद्धी मला त्या रात्रीपर्यंत झाली नव्हती. आपल्या समाजातील निम्मी घरे मिरज, तासगाव, वाळवा, शिरोळ भागांतील शेतीवर उभी आहेत, म्हणून हे विस्ताराने सांगितले. भूल घेण्यापूर्वी फवारणीविषयी कोणी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे.

हेच एन्झाइम काही कुटुंबांत जन्मतःच कमी असते. अशा माणसाला एरव्ही आयुष्यभर काहीच त्रास नसतो. सक्सिनिलकोलिन मिळाल्यावरच ते उघड होते. आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडूमधील आर्य वैश्य समाजात ही उणीव इतरांपेक्षा अधिक आढळल्याची नोंद आहे. पिढ्यानपिढ्या पोटजातीतच विवाह होत आलेल्या कोणत्याही समाजाने यातून एवढे घ्यावे की, घरातील कोणी शस्त्रक्रियेनंतर फार उशिरा जागे झाले असेल किंवा यंत्रावर ठेवावे लागले असेल, तर ती हकिकत विसरू नये. लिहून ठेवावी.

याशिवाय याच औषधाने रक्तातील पोटॅशियम एकाएकी वाढून हृदय थांबू शकते, असे काही रुग्ण असतात: दोन-तीन दिवसांपूर्वी मोठे भाजलेले, अर्धांगवायू झालेले, कित्येक आठवडे अंथरुणाला खिळलेले. त्यांच्यासाठी आम्ही दुसरे औषध निवडतो. आणि दशलक्षण पर्वात आठ-दहा दिवसांचे उपवास केलेल्यांनी तेही सांगावे. क्षार कमी झाले की काही शिथिलकांचा अंमल लांबतो. उपवास सांगण्यात संकोच कसला? तपाची जाहिरात करू नये हे खरे, पण भूलतज्ज्ञापासून ते लपवूही नये.

आता ऐकायला जड जाईल असा भाग. झोपेचे औषध संपले किंवा कमी पडले आणि शिथिलकाचा अंमल चालू असेल, तर रुग्ण जागा आणि निश्चल अशा अवस्थेत सापडतो. डॉ. स्मिथ यांनी स्वेच्छेने स्वीकारलेली अवस्था त्याच्यावर लादली जाते. ब्रिटन व आयर्लंडमधील भूलतज्ज्ञांनी २०१४ साली अशा तक्रारींचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. शिथिलक वापरलेल्या भुलींत सुमारे ८,००० मागे एक तक्रार. न वापरलेल्यांत सुमारे १,३६,००० मागे एक. फार वर्षांपूर्वी एका भगिनीने मला सांगितले होते की, दुसऱ्या एका गावी झालेल्या सिझेरियनच्या वेळी तिने डॉक्टरांचे सगळे बोलणे ऐकले. घरच्यांनी "भुलेत असे स्वप्न पडते" म्हणून तो विषय संपविला होता. तिने ऐकलेली वाक्ये ती मला जशीच्या तशी सांगत होती. ती वर्षानुवर्षे उताणी झोपू शकली नव्हती. घरातील कोणी असे सांगितले तर त्याला गप्प करू नका, एवढेच माझे मागणे आहे. त्या माणसावर विश्वास ठेवणे हा उपचाराचा पहिला भाग आहे.

सातारकर मंडळी येथे आहेत, तेव्हा २०१६ सालचा उल्लेख टाळता येणार नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वाईजवळील धोम परिसरातील प्रकरण देशभर गाजले. स्वतःला डॉक्टर म्हणविणाऱ्या एका इसमाने २००३ पासून सहा जणांचा जीव घेतल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला, पुरलेले मृतदेह बाहेर काढण्यात आले, आणि तपासात सक्सिनिलकोलिनचे नाव पुढे आले. दोषादोष ठरविणे न्यायालयाचे काम आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण त्यानंतर कित्येक महिने शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण माझा हात धरून विचारीत, "मॅडम, ते वाईचं इंजेक्शन नाही ना देणार?" मी त्यांना खोटे सांगितले नाही. "गरज पडली तर तेच देईन, पण तुमच्या उशाशी मी उभी असेन आणि तुमचा श्वास माझ्या हातात असेल," असे सांगे. बहुतेकांचे समाधान होई. एका आजोबांचे झाले नाही. त्यांना कमरेखालची भूल दिली.

त्या प्रकरणाने आम्हा लोकांना एक अप्रिय प्रश्न विचारला, आणि तो विचारला गेला हे बरे झाले. ही कुपी ठेवतो कुठे? सक्सिनिलकोलिन शीतकपाटात ठेवावे लागते. छोट्या रुग्णालयांत एकच शीतकपाट असते. त्यात लशी, इन्शुलिन, बाळंतपणाची इंजेक्शने आणि कधी कधी कर्मचाऱ्यांचा डबाही. कुलूप नाही, नोंदवही नाही. घातपात हा क्वचितचा प्रसंग. चुकून दिले जाणे हा त्याहून मोठा धोका. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील एका मोठ्या रुग्णालयात २०१७ साली एका वृद्ध रुग्णाला तपासणीपूर्वी मन शांत करण्यासाठी मिडाझोलाम द्यायचे होते. दिले गेले व्हेक्युरोनियम. मिडाझोलामच्या इंग्रजी व्यापारी नावाची आणि व्हेक्युरोनियमच्या इंग्रजी नावाची पहिली अक्षरे सारखी होती. रुग्ण दगावला, आणि २०२२ साली परिचारिकेला न्यायालयाने दोषी ठरविले. एका परिचारिकेला शिक्षा सुनावून प्रश्न सुटला असे मला वाटत नाही. कुपीच्या टोपणावर 'श्वास थांबवणारे औषध' असा ठळक इशारा, वेगळी बंद पेटी, सिरिंजवर आंतरराष्ट्रीय संकेतानुसार लाल चिठ्ठी, देण्यापूर्वी दुसऱ्या व्यक्तीने मोठ्याने वाचून खात्री करणे, आणि शिल्लक औषध त्याच वेळी टाकून देणे, या साध्या गोष्टी आहेत. त्यांना फारसा पैसा लागत नाही. त्या रोज न चुकता करण्याला मात्र व्रतासारखी निष्ठा लागते.

शस्त्रक्रिया संपल्यावरचा अर्धा तास सर्वांत फसवा असतो. रुग्ण डोळे उघडतो, मान हलवतो, बाहेर नातेवाईक "जागा झाला" म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. पण औषधाचा थोडा अंमल घशाच्या स्नायूंत शिल्लक असेल, तर लाळ श्वासनलिकेत उतरते, जीभ मागे पडते आणि प्राणवायू हळूहळू उतरत जातो. अंमल किती उतरला हे मोजण्याचे यंत्र आहे. मनगटाजवळच्या नसेला चार सौम्य विद्युत्स्पंद देतात आणि अंगठा चार वेळा किती हलतो ते पाहतात. चौथी हालचाल पहिलीच्या किमान नऊ-दशांश व्हावी, तेव्हा नळी काढणे सुरक्षित. ही पद्धत १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये रूढ झाली. नुसत्या हाताने अंगठा चाचपून मात्र चार-दशांशांच्या पुढचा फरक कळत नाही, कितीही अनुभवी हात असो. मीही कित्येक वर्षे हातावर भरवसा ठेवला. आज ठेवणार नाही. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली आकड्यात मोजणाऱ्या यंत्राची स्पष्ट शिफारस केली आहे. अंमल उतरविण्यासाठी निओस्टिग्मीन हे जुने, स्वस्त औषध आहे. रोक्युरोनियम व व्हेक्युरोनियमसाठी सुगॅमाडेक्स हे नवे, महाग औषध आहे. पण किती अंमल शिल्लक आहे हे न मोजता दोन्ही देणे म्हणजे अंधारात चाचपडणे.

अतिदक्षता विभागाचा जन्मही याच विद्येतून झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली आणि श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले दगावू लागली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचविले की, शस्त्रक्रियागृहात आम्ही करतो तेच करू: श्वासनलिकेत नळी घालून फुग्याने हवा भरू. यंत्रे नव्हती. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्महिने, हाताने फुगे दाबले. आपल्या भागात याचे नाते सर्पदंशाशी आहे. नागाचे विष क्युरारेप्रमाणेच स्नायूकडील दार अडवते. मण्यारीचे विष नसेच्या टोकालाच निकामी करते. मण्यार रात्री झोपेत चावते, वेदना फार नसतात, आणि सकाळी माणसाच्या पापण्या उघडत नाहीत, जबडा हलत नाही, श्वास मंदावतो. नातेवाईक त्याला गेलेला समजतात, आणि कधी कधी डॉक्टरही. पण तो आत जागा असू शकतो. प्रतिसर्पविष आणि काही दिवस कृत्रिम श्वास मिळाला तर असा माणूस चालत घरी जातो. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास हा त्याच्या श्वासातून वजा होतो. शिराळ्याच्या नागपंचमीची परंपरा असलेल्या जिल्ह्यात हे अजून सांगावे लागते याचे मला दुःख आहे.

कोविडच्या काळात, २०२० च्या मार्चमध्ये इस्लामपूरच्या घटनेपासून सांगलीने काय पाहिले ते येथे कोणाला सांगायला नको. मिरजेचे शासकीय रुग्णालय, कऱ्हाड-साताऱ्याची रुग्णालये, सर्वत्र व्हेंटिलेटरवरील रुग्णांना पालथे झोपविण्यासाठी ही औषधे वापरली गेली. त्यांनी काहींना तारले. पण सर्वांना सरसकट देऊन लाभ होत नाही, हे त्या साथीच्या आधीच, २०१९ साली, अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने दाखविले होते. दिवसेंदिवस शिथिल ठेवलेल्या रुग्णाचे स्नायू झिजतात, आजार बरा होऊनही त्याला उभे राहायला महिने लागतात. म्हणून नियम असा: आधी गाढ झोप, मगच शिथिलक, रोज एकदा औषध थांबवून गरज आहे का ते पाहणे, पापण्या मिटत नसल्याने डोळ्यांना मलम, दर दोन तासांनी कूस. आणि खाटेशी हाताने दाबायचा अंबू बॅग टांगलेला. वीज केव्हाही जाऊ शकते. २०१९ च्या ऑगस्टमधील कृष्णेच्या पुरानंतर सांगलीत हे कोणी विसरू नये.

एक नाजूक गोष्ट आहे. आपल्याकडील वृद्धांचे नातेवाईक विचारतात की, आता यंत्र काढून सल्लेखनेच्या भावनेने शांतपणे जाऊ द्यावे काय? सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निर्णयाने आणि २०२३ मधील सुधारणेने यासाठी कायदेशीर मार्ग घालून दिला आहे. सल्लेखना हे जाणीवपूर्वक घेतलेले व्रत आहे. बेशुद्ध माणसाच्या वतीने कोणी ते घेऊ शकत नाही, असे माझे मत आहे, अर्थात मुनिजनांचा शब्द अंतिम. वैद्यकीय बाजूने एवढेच ठामपणे सांगते की, यंत्र काढण्यापूर्वी शिथिलकाचा अंमल पूर्ण उतरलेला असला पाहिजे. नाहीतर तो माणूस शांत दिसेल, शांत असेलच असे नाही, आणि आपल्याला ते कधी कळणार नाही.

आता काकांच्या प्रश्नाकडे येते. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले तेव्हापासून हा भाग वैद्यकासाठी ओळखला जातो. यंत्रांची आपल्याला वाण नाही. कोविडनंतर तर व्हेंटिलेटर पुष्कळ ठिकाणी आले. देणगीदाराच्या नावाची पाटी असलेला, आणि चालविणारे प्रशिक्षित माणूस नसल्याने आच्छादन घालून कोपऱ्यात उभा केलेला व्हेंटिलेटर मी पाहिला आहे. म्हणून माझा सल्ला असा की, त्याच निधीतून शिथिलकाचा अंमल आकड्यात मोजणारी यंत्रे घ्यावीत. एका व्हेंटिलेटरच्या किमतीत ती एकाहून अधिक रुग्णालयांना देता येतील. श्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखविणारे यंत्र जिथे नसेल तिथे तेही. कुलपाचे लहान शीतकपाट. आणि उरलेल्या व्याजातून दरवर्षी सांगली व सातारा येथे परिचारिकांसाठी दोन दिवसांचे शिबिर. या वस्तूंवर मोठी पाटी बसत नाही हे मला माहीत आहे. विश्वस्तांनी त्याचा विचार करावा.

एक काम मात्र निधीची वाट न पाहता आजच होण्यासारखे आहे. पोस्टकार्डाएवढ्या कार्डाचा नमुना मी छापून आणला आहे. त्यावर घरातील प्रत्येकासाठी काही ओळी आहेत: आधी भूल घेतली होती काय, जागे व्हायला उशीर झाला काय, भुलेत काही ऐकू आले काय, भुलेच्या वेळी एकाएकी प्रचंड ताप चढला होता काय, स्नायूंचा किंवा नसांचा आजार आहे काय, फवारणी शेवटची केव्हा केली, कोणती औषधे चालू आहेत, उपवास चालू आहे काय. कार्डे सभागृहाच्या दाराशी, पाण्याच्या टेबलाजवळ ठेवली आहेत. जाताना घरटी एक घेऊन जावे, आणि पेन सोबत असेल तर येथेच भरावे.

जय जिनेंद्र.